रुइनाची पोरं आणि काकूंचा ण

लेले सरांकडे शिकायला येणाऱ्याला पहिल्या दिवशी नमस्कारसुद्धा धड पुरा करता येत नसे. ते फळ्यावर एकच शब्द लिहीत, 'रुइना', आणि दरडावत, "लॅटिन. अर्थ, कोसळणं. आता ह्याची पोरं सांग!" कोण सांगणार? मग स्वतःच सांगत. फ्रेंचांची रुईन, जर्मनांची रुइने, इटालियनांची रोविना. "एकाचंही नाक आईसारखं नाही, पण रक्त तेच. आणि स्पेनमध्ये तर गंमतच. तिथे 'रुइन' म्हणजे हलकट माणूस!" हे सांगताना ते फार खुशीत असत. त्या अर्थाने हा शब्द आमच्या उज्जैनपर्यंतही पोचलाय, असं मला तेव्हाच वाटलं होतं.

सर मूळचे सांगलीचे, बँकेच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर नानाखेड्याच्या घरात, पुढच्या खोलीत, फ्रेंच शिकवत. मी शेजारीण, म्हणून मला फी माफ. बोलणी मात्र पूर्ण. "रामघाटावर जा आणि तुझ्या फ्रेंचचं पिंडदान करून ये," असं ते सगळ्यांदेखत म्हणत. विद्वत्ता खरी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्यांच्या बायकोचं, सुमनकाकूंचं माहेर पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनचं. त्यांच्या मराठीला इथली हवा लागलेली. "मी काय म्हनते, पोहे खाऊन जा. नई म्हनायचं नाही," असं म्हणत त्या बशी पुढे करायच्या, आणि आतून सर ओरडायचे, "ण! उचल जीभ, लाव टाळ्याला!" काकू हसून सोडून द्यायच्या. चाळीस वर्षं हसल्या असतील बिचाऱ्या.

गेल्या वर्षी काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, तोंडातून जे येईल त्याला शाबासकी द्या. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी काकूंनी पेल्याकडे बोट केलं आणि मोठ्या कष्टाने म्हणाल्या, "पा... नी." माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

सरांनी पेला उचलला आणि हातातच धरून ठेवला. "पाणी. ण. पुन्हा म्हण."

"पा... नी."

"मेंदू नव्याने शिकतोय, तर शुद्धच शिकू दे. ण म्हण, मग पाणी."

काकूंच्या हनुवटीवरून लाळ गळत होती. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले. सर फिरायला गेल्यावर मी पाणी पाजलं. पुढे हे रोजचंच झालं. एकदा मी न राहवून विचारलं, "सर, रुइनाच्या पोरांची बदललेली नाकं तुम्हाला चालतात. मग पाणीचं पानी झालं तर काय बिघडलं?"

"ती पोरं परक्यांची. हे माझं घर आहे," ते म्हणाले.

काकूंनी मग तो शब्द टाकूनच दिला. नंतर सरांच्या हातून काही घेईनाशाच झाल्या. सरांना तो हट्ट वाटला. वैशाखात ताप चढला, ओठांना भेगा पडल्या, तेव्हा मात्र सर घाबरले. मी गेले तर ते पलंगाशी ओणवे होऊन चमचा धरून बसलेले.

"सुमे, घे गं. पानी घे. बघ, मीच म्हणतोय, पानी. पानी!"

काकूंनी दात घट्ट मिटले आणि डाव्या हाताने चमचा बाजूला सारला. सर रडायला लागले. मी त्यांच्या हातातून चमचा घेतला, तशी काकूंनी तोंड उघडलं. सरांकडे टक लावून बघत त्या घोट घोट पाणी प्यायल्या, पेला संपेपर्यंत. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.