मिनिट्समधली सॉरी

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण शाळेत पाठ केली होती, पण तिचा अर्थ मला बेंगळुरूला, व्हाइटफील्डच्या ऑफिसात कळला. पुण्याहून इथे आले तेव्हा वाटलं होतं, काहीतरी चांगलं काम करतोय आपण. कसलं डोंबलाचं!

आमची कंपनी नव्या तऱ्हेचं मटेरियल बनवते. युरोपातली काही विद्यापीठं आणि दोन कारखाने मिळून एक संशोधन करत होते: जवसाचा धागा आणि झाडापासून काढलेलं रेझिन दाबून पॅनेल करायचं आणि बसच्या आतून लावायचं. प्लास्टिक हटवा, पृथ्वी वाचवा. त्या वऱ्हाडात आम्हीही. आम्हाला का घेतलं? तर आम्ही म्हणे 'उष्ण आणि दमट हवामानातले भागीदार'. हे मी बेंगळुरूच्या डिसेंबरात, अंगात स्वेटर घालून वाचलं. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना नकाशात भारत दिसला, म्हणजे घाम आलाच.

आमचे सर या कामाचे प्रमुख. पृथ्वीची त्यांना भयंकर काळजी. टेबलावर बांबूचा पेनस्टँड, आणि खाली पार्किंगमध्ये त्यांचा ड्रायव्हर एसीसाठी गाडी तासभर चालू ठेवून बसलेला. शाश्वततेवर दहा मिनिटं बोलायला ते वर्षातून दोनदा विमानाने युरोपात जायचे. परत आले की आम्हाला एकेक वही द्यायचे, जिची पानं मातीत पुरली की रोप उगवतं. मी पुरून पाहिली. मुंग्या आल्या.

खरं काम होसकोट्याच्या लॅबमध्ये चालायचं, आणि ते करायची अक्का. मूळची निपाणीकडची, घरात मराठी, बाहेर कन्नड, इंग्रजी कामापुरतं. अकरा वर्षं कंत्राटावर होती, आणि या वर्षी तिला कायम करायचं ठरत होतं. युरोपातून आलेल्या पॅनेलचे तुकडे कापायचे, कापलेल्या कडा लेप लावून बंद करायच्या आणि ते चेंबरमध्ये ठेवायचे. चेंबर म्हणजे आत पावसाळा कोंडलेलं फ्रीजएवढं कपाट.

आठव्या दिवशी तुकडे पुरीसारखे टम्म फुगले. अक्काने पुन्हा कापले, पुन्हा ठेवले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने मला बोलावून दाखवलं.

"हे बघा मॅडम, कडा कशा शाबूत हायत. फुगलंय मधी. तीन डाव केलो की मी. माल त्यांचाच कच्चा हाय."

शाश्वत म्हणून मिरवणारं पॅनेल आठ दिवस टिकेना! मी हसले, पण अक्काला हसू आलं नाही. तिने तिन्ही वेळचे तुकडे तारखा घालून कपाटात ठेवले होते.

मग व्हिडिओ कॉल झाला. अक्काने इंग्रजीत, अडखळत, पण सगळं नीट सांगितलं. तिकडच्या प्रोफेसरबाई फार गोड. त्या म्हणाल्या, तुकडे करताना कडा नीट बंद झाल्या नसतील का? वाक्य लांबलचक होतं. अक्का मान हलवत ऐकत होती आणि मध्ये मध्ये म्हणत होती, "सरी, सरी."

या शहरात आठवडाभर राहिलेल्या माणसालाही सरी कळतं. रिक्षावाला म्हणतो, भाजीवाली म्हणते. सरी म्हणजे बरं, ठीक, ऐकलं, पुढे बोला. पण बाई कळवळून म्हणाल्या, "नो, नो, प्लीज, डोंट बी सॉरी!"

सर हसले. म्हणाले, होतं असं कधीकधी. आणि कॉल पुढच्या विषयावर गेला. अक्काला काहीच कळलं नाही. मला सगळं कळलं होतं आणि मी मूग गिळून बसले.

दोन दिवसांनी बैठकीची मिनिट्स आली. त्यात एक ओळ होती: भारतीय भागीदाराने नमुने तयार करण्यातली चूक मान्य करून दिलगिरी व्यक्त केली, सबब हे निकाल वगळण्यात येत आहेत. वड्याचं तेल वांग्यावर कसं काढावं ते या गोऱ्या सभ्य लोकांकडून शिकावं. मिनिट्स तपासून हरकत कळवणं हे माझं काम होतं. मी होसकोट्याला जाऊन अक्काला ती ओळ वाचून दाखवली.

"मी कशाला सॉरी म्हणू वो?" ती भडकलीच. "फळा फुगला त्यांचा, आनि सॉरी माझी? तेवढं खोडा मॅडम."

"खोडते," मी म्हटलं.

सरांकडे गेले. निकाल वगळले म्हणून ते खुशीत होते, कारण पॅनेल नापास झालं असतं तर पुढचा टप्पाच अडला असता. "एक ही लाइन तो है," ते म्हणाले, "कौन पढ़ता है? अक्का का मैं देख लूँगा." मग लगेच, जणू आत्ताच आठवलं असं दाखवत, म्हणाले की पुढच्या बैठकीला युरोपात मी त्यांच्याबरोबर यायचं आहे.

या माणसाची मला किळस आली हे खरं. पण जागेवर येऊन मी 'हरकत नाही' वर क्लिक केलं, हेही तितकंच खरं. आणि मग माझ्या पासपोर्टची मुदत कधी संपते ते पाहिलं.

महिन्याभरात कायम होणाऱ्यांची यादी लागली. अक्काचं नाव नव्हतं. उलट कंत्राटही पुढे वाढवणार नव्हते. कारण लिहिलं होतं: नमुने तयार करण्यात चूक, मिनिट्स पाहावीत. कोण वाचतंय म्हणे! त्या चाळीस पानांतली तेवढी एकच ओळ वाचली मेल्यांनी.

शेवटच्या दिवशी मी गेले तेव्हा अक्का चेंबर आतून पुसत होती. कपाटातले तारखा घातलेले तुकडे तिने एका पिशवीत भरले होते. ती पिशवी तिने माझ्या हातात दिली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"सॉरी, अक्का," मी म्हटलं.

तिने फडकं पिळलं, दांडीवर वाळत टाकलं, आणि चप्पल घालता घालता म्हणाली, "सरी."