वाळलेल्या हळकुंडाचा आवाज

आमच्या गावात हळद वाळली की नाही हे आबा सांगायचे. आबा म्हणजे माझे वडील. हळकुंड कानाजवळ धरून मोडायचे. खणखणीत आवाज आला की वाळली. त्यांनी मान डोलावल्याशिवाय कुणाची पोती वसमतच्या मोंढ्याला विकायला जात नसत.

पुढे मी गावाची हळद पॉलिश करायचा फिरता लोखंडी ड्रम घेतला. मी शाळेत विज्ञान शिकवतो, दिवसा घरी नसतो. आबांना म्हणालो, ड्रमजवळ बसा, एकाची हळद दुसऱ्याच्या ढिगात जाऊ देऊ नका. ते बसले. किती उन्हाळे बसले. हळकुंडं आदळल्याचा तो गडगडाट रस्त्यापर्यंत यायचा. मी वर्गात ध्वनिप्रदूषणाचा धडा शिकवत होतो. घरात कापसाचा ढीग होता. त्यातला एक बोळा आबांच्या कानात घालावा हे मला सुचलं नाही. खरं लिहायचं तर एकदा सुचलं होतं. संध्याकाळी बघू म्हणून राहून गेलं.

आबांचे कान गेले. डॉक्टर म्हणाले, आतल्या पेशी मेल्या, त्या पुन्हा येत नाहीत.

मग मी वाचत सुटलो. त्या पेशींवर बारीक केसांचा झुबका असतो आणि केसाकेसांना जोडणारे सूक्ष्म दोर. आवाजाने झुबका कलतो, दोर ताणले जातात, पेशीच्या आवरणातलं प्रथिनाचं दार उघडतं. विद्युतभार असलेले कण आत शिरतात. धक्क्याची वीज होते. एवढं नाजूक काम आबांच्या डोक्यात जन्मभर चाललं होतं, आणि मी त्याच्याशेजारी ड्रम ठेवला.

यंदा शेजाऱ्याच्या खळ्यावर आबा डोळे मिटून हळकुंड मोडताना दिसले. कानापासून लांब धरून. "दोन उन्हं आणिक दे," ते म्हणाले. शेजाऱ्याने स्वतः एक मोडलं. आवाज दबका आला. आबांचं बराबर होतं.

बोटांच्या कातडीतलं प्रथिन निराळं असतं. तीन पात्यांच्या पंख्यासारखं. पेशीच्या आवरणाला वाटीचा खोलगट आकार देऊन बसलेलं. आवरण ताणलं की वाटी सपाट होते, मधलं भोक उघडतं, आणि पापणी लवायच्या आत निरोप मेंदूकडे निघतो. वाचलं होतं. त्या दिवशी पाहिलं.

कबुली हळू आवाजात द्यायची असते, पण आबांना हळू ऐकू येत नाही. मी ओरडलो, "आबा, तुमचे कान माझ्यामुळं गेले. मला माहीत होतं."

हळद पसरणाऱ्या बाया थांबल्या.

"काहून बोंबलून राहिला, मास्तर?" आबा म्हणाले. "बहिरा मी हाय, गाव न्हाई."

शेजारी हसला. आबा हसले नाहीत. "तू बस म्हणलास, मी बसलो. लई तकलीफ झाली तवा." मग त्यांनी एक हळकुंड माझ्या हातात दिलं. "डोळे मीट. मोड."

मोडलं. मला नुसता आवाज आला.

"हाताला काय कळलं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"आणिक एक घे," आबा म्हणाले, आणि माझ्या अंगठ्यावर त्यांनी आपला अंगठा ठेवला.