जुन्या मोटारीचा हॉर्न

कापसाला भाव नव्हता, म्हणून मी गोठ्यातली बंद मोटार मोडायला काढली. वणीहून एक माणूस आला. जुन्या मोटारींचे अस्सल पार्ट ओळखून तो मोबाइलवरून लांबच्या शौकिनांना विकायचा. नाव सांगितलं होतं त्यानं, मी काही ध्यानात ठेवलं नाही.

माणूस मोठा चिवट. प्रत्येक पार्ट उलटा करून शिक्का अंगठ्यानं चाचपायचा, नखानं रंग खरवडायचा.

"हा नकली हाये, काका. कोन्या गधड्यानं बसवला?"

"म्याच."

हॉर्न मात्र त्यानं दोन्ही हातांनी उचलला. "हा अस्सल. नवा हॉर्न नुसता बोंबलते. हा हाक मारते."

आवाज ऐकल्याशिवाय पुण्याचं एक गिऱ्हाईक सौदा करत नव्हतं. त्यानं सोबत आणलेल्या बॅटरीला तारा लावल्या, मोबाइल समोर धरला आणि हॉर्न वाजवला. माझी मान आपोआप घराच्या दाराकडं वळली. मी बाजारातून आलो की हाच आवाज ऐकून बायको चहा ठेवायची अन् पदराला हात पुसत दारात यायची. तिला जाऊन वर्ष झालं.

"तिकडं काय पाहून राह्यले, काका?"

"काही नाही. तू तुहं काम कर."

थोड्या वेळानं गिऱ्हाइकाचा होकार आला. तसा तो माणूस तारा सोडवू लागला.

"थांब. अजून एकदा वाजव."

"काहून? सौदा तं झाला."

"वाजव म्हटलं ना."

त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मोबाइल खिशात टाकला अन् हॉर्न वाजवला. या वेळेस तोही दाराकडंच पाहत होता.