तोफेच्या घरचा नळ

जनावरांच्या दवाखान्यात तिला सगळे तोफ म्हणत, आणि तेही तोंडावर म्हणत, कारण पाठीमागे बोललेलं तिला खपत नसे. कुत्र्यांच्या वॉर्डात ती कित्येक वर्षं आया होती. प्रोस्टेटचा कॅन्सर माणसासारखा आपणहून होतो तो बहुतेक कुत्र्यालाच. म्हणून हा आजार जडलेली म्हातारी पाळीव कुत्री लोक इथे आणत. नवी औषधं आधी त्यांच्यावर, मग जमलं तर माणसांवर. लांब दांड्याची पळी घेऊन कुत्र्यामागे फिरायचं आणि त्याने पाय वर केला की तपासणीसाठी लघवी झेलायची, हे तिचं काम. "घरीही पळी, इथेही पळी. हात कसले, पळीचे दांडेच झालेत माझे," ती म्हणायची.

कुत्रा दगावला की मात्र ती पेटायची. सगळा राग मालकांवर. एक धिप्पाड मालक वॉर्डातच ढसाढसा रडायला लागला, तरी हिने त्याला सोडलं नाही. "इतके महिने ते कुंथत होतं, तेव्हा डोळे काय गहाण ठेवले होते?"

"अगं, मुकं जनावर ते," डॉक्टरीणबाई समजावायच्या. "लवकर कळतच नाही."

"मुकं ते आहे. मालक तर आंधळा नाही ना?"

संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या हेच सगळं नवऱ्याला ऐकावं लागे. आज कोण गेलं, किती तडफडलं, दुखणं हाडांत कसं उतरलं होतं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. मान खाली घालून ऐकायचा.

अलीकडे त्याला एक खोड लागली होती. बाथरूममध्ये गेला की नळ सोडून ठेवायचा. त्यावरून घरात रोज रणकंदन. "टाकी रिकामी झाली! वाडवडिलांनी नदी ठेवलीय का आपल्यासाठी?" तो म्हणायचा, "विसरलो गं."

एका सकाळी तिचं डोकं सटकलं. बाहेर जाऊन तिने पाण्याचा कॉकच बंद केला. "आता सोडा नळ!"

धार थांबली. आतून एक थेंब पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग दात आवळून कण्हणं, मग आणखी दोन थेंब. हा आवाज तिला चांगला ठाऊक होता.

तो बाहेर आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"कधीपासून?"

त्याने खुंटीवरचा टॉवेल ओढला.

"कधीपासून, विचारतेय मी!"

"झाले असतील सात-आठ महिने."

तोफ उडाली. शेजारच्या खिडक्या उघडल्या. "कुत्र्याला तोंड नसतं! तुम्हाला आहे ना? गावभरच्या कुत्र्यांची लघवी मी झेलते, आणि माझ्यासमोर लाज वाटली तुम्हाला? माझ्यासमोर?"

तो टॉवेलला हात पुसत राहिला.

"लाज नाही गं. तू रोज सांगायचीस, आज हा गेला, आज तो गेला. एखादा बरा झाला, असं कधी बोलली नाहीस."

तसे होते की. औषध लागू पडून अंगणभर हुंदडणारे, शेपटी हलवत घरी गेलेले. थोडेच, पण होते. त्यांच्याबद्दल घरी सांगायचं तिच्या कधी मनातच आलं नव्हतं, कारण त्यांच्यावरून कुणावर चिडता येत नव्हतं.

"शर्ट चढवा," ती ओरडली. आवाज फाटला, तरी ती ओरडतच राहिली. "चढवा म्हणते ना! वाटेत सांगते सगळ्यांचं."