उलट्या शिवणीच्या पिशव्या

जयरामकाकांच्या अंगणातल्या दोरीवर रोज सकाळी दोन-चार पांढऱ्या पिशव्या वाळत असायच्या. उशीच्या अभ्र्याएवढ्या रुंद, पण लांबीला दुप्पट, आणि सगळ्यांची शिवण बाहेरच्या अंगाला. मुंबईची नोकरी सोडून मी तोंडवलीतलं घर पर्यटकांसाठी उघडलं, त्या पहिल्याच आठवड्यात मला वाटलं की या शिंप्याला सुलटं-उलटं कळत नसावं. माझी जीभ मोठी आगाऊ, तसं मी बोलूनही दाखवलं. काकांनी मशीन थांबवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आत शिवण ठेवली तर जनावराचो खवलो अडाकता. तुझ्या शर्टाची आत ठेवतंय, कित्याक तर तुका खवले नाय."

जनावर म्हणजे साप. आमच्याकडे त्याचं नाव सहसा घेत नाहीत, आणि काका तर सापाच्याच कामातले. शाळेचे गणवेश आणि बायकांची पोलकी शिवून त्यांचं पोट भरायचं, पण तीस वर्षं पंचक्रोशीत कुणाच्या घरात साप निघाला की निरोप त्यांनाच जायचा. गिऱ्हाइकाचं अर्धं माप तसंच टाकून, गळ्यात टेप लटकवून ते निघायचे. एका घरच्या वहिनी अजून शपथेवर सांगतात की नागाला पिशवीत घालण्याआधी काकांनी त्याचं माप घेतलं. वनखात्यानं दिलेलं ओळखपत्र ते प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवत. आधार कार्ड कुठे ठेवलंय ते त्यांना कधी सापडायचं नाही, हे मात्र चटकन हाताला लागायचं. काकांना जाऊन आता दोन वर्षं होतील.

पिशव्यांबद्दल त्यांचा नियम कडक होता. एकदा साप घातलेली पिशवी न्हाणीच्या चुलीवर उकळल्याशिवाय दुसऱ्या सापाला लावायची नाही. "जनावर रानात सोडूचा, पण तेचा सामान घरात ठेवचा नाय," असं ते म्हणत. सामान म्हणजे सापाच्या अंगावरच्या पिसवा. आहेत त्या गोचिडाच्या जातकुळीतल्या, इंग्रजी शिकलेले त्यांना माइट म्हणतात, पण काकांच्या लेखी त्या पिसवाच. खसखशीहून बारीक, काळ्या. खवल्यांखाली आणि डोळ्यांच्या कडेला बसून रक्त पितात आणि अंडी मात्र बाहेर कुठल्या तरी फटीत घालतात. शिवणीत लपायला त्यांना फार आवडतं. म्हणून उकळलेली पिशवीसुद्धा काका दारात उजेडाला धरून शिवणीवरून नख फिरवत बघायचे.

माझ्याकडे लाडू होता. लाडू म्हणजे परदेशी जातीचा छोटा अजगर, घाबरला की स्वतःचं वेटोळं वळून अगदी लाडवासारखा गोल होणारा. मुंबईत असताना रीतसर नोंदणी करून घेतलेला, सगळे कागद फाइलीत. काकांना सापाला पेटीत ठेवणं मुळीच पसंत नव्हतं, आणि ते त्यांनी मला तोंडावर सांगितलं. पण लाडूचा जन्मच पेटीतला हे कळल्यावर ते विरघळले. "ह्या बिचाऱ्याक रान तरी खंयचा?" म्हणाले. त्यानंतर दर रविवारी ते त्याला भेटायला येऊ लागले. येताना माझ्यासाठी कधी काही आणलं नाही, पण लाडूच्या पेटीखाली घालायला जुन्या गोधडीचा तुकडा बेतून आणला.

मग घराला रंग द्यायचं निघालं. रंगारी सकाळीच दारात हजर, आणि वासानं लाडूला त्रास होईल म्हणून त्याला दोन दिवस मागच्या खोलीत हलवायचं होतं. मी धावत काकांकडे पिशवी मागायला गेलो. दोरीवरच्या सगळ्या ओल्या. कोरडी एकच होती, तीत आदल्या संध्याकाळी एका काजूच्या बागेतून धामण आणून पलीकडच्या रानात सोडलेली. काका ती उकळायला घेणार होते. मी म्हटलं, काका, रंगारी थांबलेत, एवढ्या वेळेला चालेल. त्यांनी पिशवी झटकून दारात धरली, शिवणीवरून नेहमीसारखं नख फिरवलं आणि माझ्या हातात दिली.

तीन आठवड्यांनी लाडू दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसायला लागला. मला वाटलं, उकाडा आहे, मजेत डुंबतोय. मी फोटोही काढले. मग त्याने खाणं सोडलं. भांडं धुवायला घेतलं तर तळाला काळी भुकटी, आणि भुकटीतले काही कण चालत होते. डोळ्यांभोवती बघितलं तर काजळ घातल्यासारखी कड. शेजारच्या गोठ्यात बैलांच्या गोचिडांवरचं औषध होतं, ते मी मागून आणलं आणि बादलीत कालवायलाच घेतलं होतं. तेवढ्यात रविवार म्हणून काका आले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"बैलाच्या मापाचो सदरो पोराक घालतंस? मरात तो."

ते औषध त्यांनी मला परत करायला लावलं, आणि सापांचं समजणाऱ्या डॉक्टरला आपल्यासमोर फोन लावायला लावला. डॉक्टरांनी लाडूच्या वजनाला बेतलेलं औषध सांगितलं. मग काका कामाला लागले. लाडूची लाकडी पेटी इतक्या फटींची म्हणून जाळली, त्यांनीच दिलेल्या गोधडीच्या तुकड्यासकट. प्लास्टिकचा डबा आणला, त्यात नुसतं मांजरपाटाचं पांढरं कापड. रोज कोमट पाण्यात लाडूला मानेपर्यंत बसवायचं, कापड बदलायचं, जुनं उकळायचं आणि त्यावर किती काळे ठिपके पडले ते बघायचं. ते काम त्यांनी माझ्यावर टाकलं होतं. ते शेजारी बसून विचारत, आज किती, डोळ्याकडे काय आहे, हनुवटीखाली बघितलंस का. एकदा मी म्हटलं, तुम्हीच बघा ना एकदा, तुमची नजर तयार. "तू बघ, झिला. तुझे डोळे तरणे आसत," लेकाला हाक मारावी तसे एवढंच म्हणाले. मला वाटलं, मला शिकवतायत.

मध्यंतरी आठ दिवस लाडू इतका मलूल पडला की मी आशा सोडली होती. काका दुकान बंद ठेवून येत. शाळा सुरू व्हायच्या तोंडावर गणवेशांचा ढीग तसाच पडला होता आणि आया दारात येऊन बोलून जात होत्या. शिंपी माणूस जून महिन्यात दुकान बंद ठेवतो म्हणजे काय, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

शेवटी कापडावर ठिपके पडायचे थांबले. आम्ही आणखी तीन आठवडे रोज बघितलं. कापड पांढरंच. लाडूने एका संध्याकाळी उंदीर खाल्ला आणि मी आनंदानं अंगणात उड्या मारल्या. काका हसले, पण त्यांचं लक्ष नव्हतं. म्हणाले, सोमवारी माझ्याबरोबर वनखात्याच्या कचेरीत चल. मला वाटलं, ओळखपत्राचं नूतनीकरण असेल.

कचेरीत काका नेहमी पुस्तकी मराठी बोलायचे. त्या दिवशीही त्यांनी सदऱ्याच्या आतून ते ओळखपत्र काढलं, प्लास्टिकचा कागद सोडवला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. "साहेब, हे जमा करून घ्या. मला काचबिंदू आहे. वर्ष झालं. मी कुणाला सांगितलं नाही."

साहेब तरुण होते, काकांना मानणारे. त्यांनी समजूत घातली. डोळ्यांवर इलाज आहेत, इतक्या वर्षांचा अनुभव आहे, हाताला सवय आहे. गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरनं सांगितलंय, काका म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "याच्या सापाला माझ्या पिशवीतून पिसवा लागल्या. मी शिवण बघितली होती. मला काही दिसलं नाही, आणि दिसत नाही हे मला ठाऊक असून मी बघितल्यासारखं केलं."

मला ते तिथे पहिल्यांदाच कळत होतं. मी मध्येच बोललो. म्हटलं, साहेब, घाई माझी होती, काका उकळणारच होते. मला खरोखर लाज वाटत होती. काकांनी हातानंच मला गप्प केलं.

"आज मला पिसू दिसली नाही. उद्या मण्यार आणि कवड्या मला सारखेच दिसतील. मी एखाद्याच्या घरात जाऊन सांगेन, घाबरू नका, कवड्या आहे, विषारी नाही. लोक माझ्यावर विश्वास ठेवतात, साहेब. ते पोराला त्याच खोलीत निजवतील."

साहेबांनी ओळखपत्र हातात घेतलं. मग चहा मागवला. काका चहा प्यायले, साहेबांना नमस्कार केला आणि उठले. दारातून बाहेर पडताना त्यांचा हात एकदा खिशाकडे गेला आणि रिकामाच खाली आला. त्यावेळी मला रडू आवरलं नाही, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

स्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत उभे होतो. वर्षभर हा माणूस एकटा बाजारहाट करत होता, लोकांना वाटेत नावानं हाक मारत होता, आवाजावरून ओळखून, आणि आम्हा कुणालाही त्याने काही कळू दिलं नव्हतं. एक गाडी येऊन समोर लागली. काकांनी नेहमीसारखी मान वर करून पाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून, आजूबाजूच्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "झिला, पाटी वाच. माका दिसणा नाय."

मी वाचली. आमचीच गाडी होती.