आबांच्या गाडीचं झाकण

"याले कामावरून काढा. तवरोक मी इथून हालत नायी," असं म्हणून आबा खरंच काउंटरसमोर ठाण मांडून बसले.

आबा रावेरकडचे केळीवाले. त्यांची मोटरसायकल बाहेर टेम्पोत आडवी पडली होती. सर्व्हिसिंग आमच्याच जळगावच्या वर्कशॉपमध्ये झालेलं. त्यानंतर चेन उतरली, आम्ही ताणून दिली. पुन्हा उतरली, पुन्हा ताणून दिली. तिसऱ्यांदा ती चालत्या गाडीत उतरली, मागचं चाक जाम झालं आणि आबांचा मुलगा पडला. हात प्लास्टरमध्ये. म्हातारा चिडणारच.

ज्याला काढायचं तो गोकुळ, धरणगावचा मेकॅनिक. प्रत्येक जॉबकार्डवर त्याचंच नाव. मी सर्व्हिस मॅनेजर. आबांना पाणी देतोय तोवर शेठचा फोन आला.

"गावभर बोभाटा होईल. गोकुळचा आजच हिशेब करून टाका."

"शेठ, गाडी अजून उघडली नाही."

"उघडून काय दिसणार?"

"तेच बघायचंय."

एक रीत मी हट्टानं पाळतो. तक्रारीची गाडी गिऱ्हाइकासमोरच उघडायची. ज्याच्यावर तक्रार आहे त्यानंही शेजारी उभं राहायचं, पण पान्याला हात लावायचा नाही. पाना माझ्या हातात. पोरं पाठीमागे हसतात, म्हणतात साहेबांचं पोस्टमॉर्टेम सुरू झालं. हसू देत.

"आबा, इकडे डाव्या बाजूला या. गोकुळ, तू त्यांच्याजवळ."

"मी याच्याजवय उभा राहू?" आबा म्हणाले, पण राहिले.

मागचं चाक सरळ होतं. दोन्हीकडच्या ताणाच्या खुणा सारख्या, चेन ताणण्यात चूक नव्हती. मग इंजिनाजवळचं झाकण खोललं. त्याच्या आत पुढचं स्प्रॉकेट असतं, म्हणजे चेन ओढणारं छोटं दातेरी चाक. त्याच्या मागे ग्रीसमध्ये माखलेला काळा गोळा बसला होता. पक्कडीनं ओढला तर निघतोय निघतोय, संपतच नाही.

केळीचं सोपट. खोडाची ही चिवट सालपटं आमच्याकडे गाडीमागे घड बांधायला दोरीसारखी वापरतात. ओली असताना घट्ट बसतात, उन्हात सुकली की सैल पडतात आणि टोकं लोंबायला लागतात. शेतातला चिखल अडकतो म्हणून आबांनी चेनकव्हर कधीच काढून टाकलेलं. लोंबतं टोक चेननं आत ओढलं, तिथं गोळा होत गेला आणि त्यानं चेनच दात्यांवरून उचलून टाकली.

आबांनी तो गोळा हातात घेतला.

"हे म्या बांधलं," ते म्हणाले. "पोरगं म्हने, नायलॉनची दोरी घ्या. म्या म्हटलं, घरचं असता कायले इकत आना? या मानसाचं काही चुकलं नायी."

गोकुळ सुटला होता. गप्प राहिला असता तरी कुणी काही म्हणालं नसतं.

"चुकलं, आबा," तो म्हणाला. "चेन एकदा उतरली तर ताणायची. पुन्हा उतरली तर हे झाकण खोलायला पाहिजे होतं. मी नुसती ताणून दिली. खोललं असतं तर तुमचा मुलगा पडला नसता."

आमच्या धंद्यात दोष दुसऱ्याच्या गळ्यात मारणारी माणसं मी रोज बघतो. इथं दोघंही तो आपल्याकडे ओढत होते. मला दोघांचा फार अभिमान वाटला.

मी शेठना फोन लावला. आबांनी तो माझ्या हातातून घेतला.

"शेठ, याले काढलं तं मही गाडी तुमच्याकडे येनार नायी."

"अहो, तक्रार तुमचीच होती ना?"

"व्हती. आता अर्धी मह्या नावावर लिहा."

त्याप्रमाणेच मिटलं. मजुरी आम्ही सोडली, नवं चेनकव्हर आबांनी घेतलं. गोकुळला शेठची बोलणी बसली, नोकरी राहिली.

परवा आबा पुन्हा सर्व्हिसिंगला आले. गाडी मुलगा चालवत होता. मागे आमच्यासाठी केळीचा घड, नायलॉनच्या दोरीनं बांधलेला. गोकुळनं दोरी पाहिली, हसला आणि तरीही आधी झाकण खोललं. आबा न सांगता डाव्या बाजूला जाऊन त्याच्याजवळ उभे राहिले.

तक्रार आली की कोण खरं, कोण खोटं, हे मी आधी विचारत नाही. दोघांना गाडीच्या एकाच बाजूला उभं करतो आणि पाना हातात घेतो.