अक्कांच्या मिलची आतली माणसं

मी बोलायला हळू. एखादा किस्सा सांगायला घेतला की समोरचा चहा संपवून उठून जातो. त्यामुळे माझे किस्से खर्चच होत नाहीत, नुसते साठत जातात! जळगावच्या एका दाल मिलमध्ये मी मुकादम आहे, सगळे मला नाना म्हणतात. मालकीण आमच्या अक्का. मिलमध्ये तिघं जण तुरुंगात राहून आलेले: भडगावचा भिका, पिंप्राळ्याचा पांडू आणि सोनगीरचा सुदाम. माझे निम्मे किस्से या तिघांचेच. आणि सांगताना माझी मान ताठ असते.

* * *

भिका काम मागायला आला तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे पोती उचलणारे ते 'बाहेरचे' आणि मशीनवर काम करणारे ते 'आतले'. आतल्यांना पगार जास्त.

अक्कांनी विचारलं, "अनुभव किती?"

"सात वर्षं."

"आत की बाहेर?"

भिकानं मान खाली घातली. "आत."

अक्कांनी त्याला थेट मशीनवर घेतलं! पुढे पोलिस व्हेरिफिकेशन झालं, तेव्हा कळलं की 'आत' म्हणजे कुठे. मॅनेजर धावत आला. "अक्का, सात वर्षं जेलात होता हा!"

अक्कांनी भिकाला वर-खाली न्याहाळलं. "सात वर्षांत खाडे किती?"

"एक बी नाही, अक्का."

"मग राहू द्या."

* * *

पांडू घरफोडीत सापडला होता. एकदा गोदामाच्या कुलपात चावी मोडली. दारात ट्रक उभा, ड्रायव्हर बोंबलतोय. एकेक करत सगळ्यांच्या माना पांडूकडे वळल्या.

पांडू भडकला. "माझ्याकडे काय बघता? मी जन्मात कधी कुलपाला हात लावला नाही! मी कौलं काढायचो!"

तेव्हापासून मिलचे गळके पत्रे तोच बसवतो. एक थेंब आत येत नाही.

* * *

सुदाम तिघांत गप्प. मारामारीच्या केसमध्ये शिक्षा भोगून आला. आमच्याआधी दोन ठिकाणी कामाला लागला, आणि दोन्हीकडे व्हेरिफिकेशन आल्याबरोबर त्याला काढून टाकलं. बायको माहेरी. सासऱ्यानं सांगितलेलं, "वर्षभर एका जागी टिकून दाखव, मग पोरीला पाठवतो."

वर्ष भरत आलं होतं, आणि तेवढ्यात एका मोठ्या कंपनीनं आमची डाळ घ्यायचं ठरवलं. अट अशी की प्रत्येक कामगाराची चौकशी होणार. ज्याच्यावर गुन्हा आहे, त्याच्याबद्दल ओळखीच्या माणसानं चांगला शब्द दिला तर ठीक. नाही तर त्याला काढायचं. नातेवाईक चालणार नाही, मिलचा माणूस चालणार नाही.

भिका आणि पांडूसाठी त्यांच्या गल्लीतली माणसं उभी राहिली. सुदामला इथे कोणी नव्हतं.

"नाना, आता सासऱ्याले काय सांगू?" तो म्हणाला.

मी डब्यातली भाकरी त्याच्यापुढे केली. त्यानं ती मोडली आणि मोठा तुकडा मलाच परत दिला.

* * *

चौकशीआधी त्या कंपनीचे साहेब मिल पाहायला आले. सगळं फिरले, डाळ हातात घेऊन पाहिली, खूश झाले. जाताना हसत म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणे चोर पाळता?"

अक्का म्हणाल्या, "साहेब, माझ्या मिलमध्ये कोण चोर होता, हे मला नावानिशी माहीत आहे. तुमच्या कंपनीतलं तुम्हाला माहीत आहे का?"

साहेब चहा न घेताच गेले. पण ऑर्डर रद्द केली नाही!

* * *

मग चौकशी करणाऱ्या एजन्सीचा एक तरुण साहेब आला. एका हातात टॅब, दुसऱ्या हातात बोटांचे ठसे घ्यायचं मशीन. पहिला नंबर माझा. पोती ओढून ओढून माझ्या बोटांवरच्या रेषा कधीच गेल्या. मशीन बोट घेईना. पुसलं, ओलं केलं, दुसरं ठेवलं. नाही म्हणजे नाही! मला घाम फुटला. जन्मात पोलिस ठाण्याची पायरी चढलो नाही, आणि अडकलो मीच!

मागून भिका आणि पांडू आले. दोघांची बोटं पहिल्या झटक्यात पास!

पांडूनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नाना, वाईट वाटून घेऊ नका. आमची बोटं सरकारला पाठ आहेत!"

* * *

शेवटी सुदामचा नंबर आला. एजन्सीच्या त्या तरुण साहेबानं विचारलं, "तुम्हाला चांगलं ओळखणारा कोणी?"

सुदामनं बराच विचार केला. म्हणाला, "राजधर आबा. सोनगीरले माझ्या शेताला लागून त्यांचं शेत शे. माले त्यांच्याइतकं कोणी ओळखत नाही."

बांधावरून ज्यांच्याशी भांडण झालं आणि ज्यांच्यापायी सुदाम आत गेला, तेच हे राजधर आबा! मी सुदामला बाजूला घेतलं. "अरे, दुसरं नाव सुचलं नाही का?"

"ते खोटं बोलत नाही, नाना."

साहेबानं तिथूनच फोन लावला. आबा एवढंच म्हणाले, "फोनवर नाही. मी सोता तठे येस."

दुसऱ्या दिवशी एसटीनं जळगावला आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. गेटवर वॉचमननं अडवलं. "कोण पाहिजे, आबा?"

"कोणी नको. मी रेफरन्स शे!"

ऑफिसात त्यांना खुर्ची दिली. सुदाम दारातच उभा, नजर फरशीवर. अक्कांनीही हातातलं काम बाजूला ठेवलं.

साहेबानं विचारलं, "आबा, सुदामला तुम्ही कसे ओळखता?"

आबांनी टोपी मागे सरकवली. कपाळापासून वर केसांत गेलेला लांब व्रण. "हाई देखा. त्यानं फोडलं."

साहेबाचं बोट टॅबवर थबकलं. आधी त्यानं सुदामकडे पाहिलं, मग पुन्हा त्या व्रणाकडे. "आणि तरी तुम्ही म्हणता, याला कामावर ठेवावं?"

आबांनी टोपी नीट केली.

"ठेवा. माणूस खरा शे, साहेब. मारलं तवय बी समोरून मारलं!"